उतारवयाचे गाव : धाराशिव जिल्ह्यातील काही जुने दाखले

आपल्या ज्ञातीत ‘निवृत्ती’ हा शब्द नवा आहे. आपल्या बापजाद्यांच्या चाकाला निवृत्ती नव्हती. हात चाले तोवर चाक फिरे, आणि हात थांबला म्हणजे मुलगा चाकावर बसे. म्हातारा मनुष्य ओट्यावर बसून थापटण्याचा आवाज ऐके आणि मडके कोठे बिघडते आहे हे न पाहता सांगे. उतारवयात राहावे कोठे, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी उभाच राहिला नाही. आज तो आपल्यापैकी शेकडो कुटुंबांपुढे उभा आहे. पुणे-पिंपरीच्या कारखान्यांतून, मुंबईच्या कचेऱ्यांतून, शाळांतून आणि एस. टी. च्या नोकरीतून आयुष्याची पुंजी गाठीस बांधून बाहेर पडलेले आपले बांधव विचारतात की, शहरातल्या दोन खोल्यांतच उरलेले दिवस काढावे, की जिल्ह्यात परत यावे? परतावयाचे तर कोणत्या गावी? थोडक्यात भागेल आणि मनही रमेल, असे ठिकाण कोणते?

इतिहासाच्या अभ्यासकाने जागेचे भाव सांगू नयेत. ते त्याचे काम नव्हे आणि ते भाव छापून होईपर्यंत बदलतातही. परंतु या भूमीत पूर्वी कोण येऊन राहिले, काय पाहून राहिले आणि पुढे त्यांचे काय झाले, एवढे तो अवश्य सांगू शकतो.

पहिला दाखला अर्थातच तेरचा. परंपरेप्रमाणे संत गोरोबाकाकांचा जन्म शके ११८९ चा आणि समाधी शके १२३९ च्या चैत्र वद्य त्रयोदशीची, म्हणजे इ. स. १३१७ ची. हे आयुष्य पन्नास वर्षांचे झाले; आजच्या सरकारी हिशेबाने निवृत्तीलाही आठ वर्षे कमी! तथापि ज्ञानेश्वर आणि नामदेव यांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे ‘काका’. संतांची डोकी थापटण्याने ठोकून कच्चे-पक्के ठरविण्याची कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते, ती येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या काळी संसारातून मन काढून क्षेत्री जाऊन राहावे, काशीस देह ठेवावा, अशी चाल होती. काकांनी पंढरीची वारी केली, पण ते पंढरीस राहिले नाहीत. वारी करावी आणि तेरणेच्या काठी आपल्या घरी परत यावे, हाच त्यांचा क्रम राहिला. संत मंडळी त्यांच्याकडे आली, आणि समाधीही तेरेतच झाली. भक्तीच्या अंगाने या गोष्टीचा विचार पुष्कळांनी केला आहे; राहण्याच्या ठिकाणाच्या अंगाने तो फारसा कोणी केलेला दिसत नाही. ज्या गावात आपले काम लोकांना ठाऊक आहे त्या गावातच वडीलपणाला किंमत असते. परक्या क्षेत्री म्हातारा मनुष्य हा केवळ एक म्हातारा मनुष्य होय.

आणि हे तेर काही साधे खेडे नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर असल्याचे लिहिले आहे. तेथील जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोच बंदरास जात असे. ते तगर म्हणजेच आपले तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ मध्ये दाखवून दिले. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतातून आणि पांढरीतून वेचून जमविलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, नाणी आज तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराच्या बोटांचे काम आजही तेथे दिसते, आणि आपल्या ज्ञातीतील मनुष्य ते इतरांहून अधिक वेळ न्याहाळतो, असा अनुभव आहे. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिरही अवश्य पाहावे. मुळात तो बौद्धांचा चैत्य असावा असे पंडितांचे मत आहे. वेळ जात नाही, ही ज्यांची तक्रार आहे त्यांना तेरेत ती करता येणार नाही.

तुळजापूरची गोष्ट वेगळी. कुलस्वामिनीच्या पायाशी राहावे ही इच्छा कोणाला होणार नाही? तेथे प्रत्यक्ष देवीसुद्धा वर्षातून तीन वेळा निद्रा घेते. नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोहनिद्रा, अशा या तीन निद्रा होत. श्रमनिद्रेचा पलंग अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) बाजूने मजल दरमजल येतो. जगन्मातेलाही श्रमानंतर विश्रांती आहे, ही कल्पना आपल्या पूर्वजांना सुचली यातच त्यांचे शहाणपण दिसते. परंतु यात्रेच्या गावचे अर्थशास्त्र यात्रेकरूंवर चालते. नवरात्रात आणि कोजागिरीस तेथील रस्त्यावरून म्हाताऱ्या माणसाने भाजी आणावयास निघणे म्हणजे साहसच होय. आणि खोल्यांचे भाडे, दुधाचा भाव हे सर्व गर्दीच्या मानाने ठरतात. दर्शनास वरचेवर जावे, राहावे मात्र जरा अंतरावर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते सर्वांस पटेलच असे नाही.

नळदुर्गाचा दाखला इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. १८५३ च्या तहाने हा मुलूख वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि १८६० मध्ये परत निजामाकडे आला. त्या मधल्या काळात कर्नल मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गास राहून जिल्ह्याचा कारभार पाहत होता. बोरी नदीस वळसा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळी किल्ल्यात बांधलेला बंधारा, त्या बंधाऱ्याच्या पोटातील पाणीमहाल आणि पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, हे सर्व त्याच्या रोजच्या डोळ्यांसमोरचे. प्रकृतीमुळे तो १८६० मध्ये हिंदुस्थान सोडून आयर्लंडात डब्लिनजवळ जाऊन राहिला. तेथे राहून त्याने लिहिलेली ‘तारा’ ही कादंबरी १८६३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिची कथा सुरू होते तुळजापुरात! शरीर एका गावी आणि मन दुसऱ्या गावी, ही निवृत्तांची अवस्था आपण पिंपरी-चिंचवडच्या बागांतील बाकांवर नित्य पाहतो; टेलरसाहेबाला निदान कादंबरी लिहिता येत होती.

नळदुर्ग हे जिल्ह्याचे ठाणे विसाव्या शतकाच्या आरंभी धाराशिवास हलले, आणि धाराशिवास निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद म्हणू लागले. (ते नाव २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झाले.) कचेरी गेली की गावाचे तेज जाते, आणि तेज गेले की गाव स्वस्त होते. नळदुर्गाचे तसेच झाले. मात्र सोलापूर-हैदराबाद हमरस्ता गावावरूनच जात असल्यामुळे त्याचे पुरते विस्मरण झाले नाही. ठाणे गेलेल्या पण रस्ता राहिलेल्या गावाचा विचार निवृत्त मनुष्याने अवश्य करावा.

स्वस्ताईविषयी एक जुना हिशेब येथे नमूद करावासा वाटतो. निजामाच्या राज्यात हाली शिक्का चाले, पलीकडे सोलापूर-बार्शीस इंग्रजी कलदार. शंभर कलदारांस सुमारे एकशे सोळा रुपये अकरा आणे हाली, असा दर असे. म्हणजे इंग्रजी हद्दीत तीस रुपये निवृत्तिवेतन मिळविणारा मनुष्य सरहद्द ओलांडून तेर-धाराशिवास येताच पस्तीस रुपयांचा धनी होई! हिशेब मोठा गोड. पण त्या पाच रुपयांच्या बदल्यात काय सोडावे लागे? नातवाची वरच्या वर्गातील शिकवणी उर्दूत, कचेरीचा कागद उर्दूत, आणि दुखणे बळावले तर पुन्हा बार्शी किंवा सोलापूर. पुढे १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत तर जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना घरदार टाकून त्याच सरहद्दीपलीकडे आसरा घ्यावा लागला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ते दिवस संपले, आणि पुढे हाली नाणेही गेले. ठिकाण स्वस्त असते तेव्हा तेथे काय उणे आहे हे विचारावे, असे हा हिशेब सांगतो. आणि ते उणे आपल्या वयाला सोसवणारे आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे.

घराविषयी मात्र इतिहास इतका सौम्य नाही. आपल्याकडचे माळवदाचे घर म्हणजे वृद्धांचे सुख. जाड दगडी भिंती, वर लाकूड आणि त्यावर हातभर माती. वैशाखातही आत गारवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून लोक झोपले असता, पाच मिनिटे कमी चार वाजण्याच्या सुमारास धरणी हलली आणि तीच माती, तेच दगड अंगावर आले. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातील गावे आपल्याच जिल्ह्यातली. हजारो माणसे गेली. दोष भूकंपाचा खरा, तरी चिखलात रचलेल्या भिंतींचा आणि छपराच्या ओझ्याचाही होता. पुढे नवी गावे वसली. घरे मजबूत झाली, पण आखीव रस्त्यांवर दूर दूर गेली; जुन्या गल्लीत ओट्यावरून ओट्यावर चालणारे म्हाताऱ्यांचे बोलणे त्या रुंद रस्त्यांवर पोहोचेना. जुन्या वडिलोपार्जित घरी परतू इच्छिणाऱ्याने प्रथम माळवदावरील मातीचा भार उतरवावा, भिंती जाणत्या अभियंत्यास दाखवाव्या. आणि नव्या वस्तीत घर बांधणाऱ्याने ओटा विसरू नये.

पाण्याविषयी तर आपण सर्वच जाणतो. हा बालाघाटाच्या माथ्यावरील पर्जन्यछायेचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात आपल्या वडीलमंडळींनी खडी फोडली आहे. धाराशिव शहरास आता उजनीचे पाणी नळाने येते, तेथे वैद्यकीय महाविद्यालयही झाले आहे. पूर्वी येडशीवरून जाणारी बार्शी लाईट रेल्वेची चिमुकली गाडी जाऊन २००८ पर्यंत रुंद मार्ग शहराजवळून निघाला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा दुसरा मार्गही हाती घेतलेला आहे. हृदयाचे वा साखरेचे दुखणे असलेल्यांनी म्हणून शहरातच किंवा त्याच्या आसपास राहावे. ज्यांची प्रकृती ठीक आहे आणि ज्यांना गावात ओळखणारे चार जण अजून आहेत, त्यांना तेर अधिक मानवेल.

एक सूचना मात्र आहे. घर घेण्यापूर्वी गाव पाहावयास दिवाळीच्या सुटीत येऊ नये. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात आणि शिवार हिरवे असते. काकांची यात्रा चैत्र वद्यात भरते; त्या वेळी ऊन तापलेले असते, आड तळाला गेलेले असतात आणि पाणी कोण कोठून आणतो हे उघड दिसते. त्या आठवड्यात येऊन, यात्रा आटोपल्यावर आणखी चार दिवस नातलगाच्या घरी मुक्काम करावा, आणि मग जागेची बोलणी सुरू करावी.