ल्हासा ते पनवेल : मोमोची कुळकथा

पिठाच्या पारीत खिमा भरून वाफवायची रीत चीनमध्ये फार जुनी. तिबेटने ती आपलीशी केली आणि सारणात याकचं मांस भरलं. पठारावरच्या थंडीत दुसरं मुबलक होतं तरी काय? मोमोचं मूळ घर ते.

हिमालयाच्या अलीकडे तो आणला काठमांडूच्या नेवार व्यापाऱ्यांनी. खिंडी ओलांडून ते ल्हासाला जात, पेढ्या थाटत, वर्षानुवर्षं तिथेच राहत. कित्येकांनी तिथे संसारही मांडले. तिबेटची लोकर, कस्तुरी आणि सोनं खाली येत होतं, त्याबरोबर हा पदार्थही उतरला. काठमांडूच्या खोऱ्यात याक नव्हता, म्हशी होत्या. मग म्हशीचा खिमा, कांदा, आलं, लसूण असं नवं सारण ठरलं आणि जोडीला अचार आला.

भारतात तो दोन-तीन वाटांनी आला. 1904 मध्ये ब्रिटिश फौजा ल्हासापर्यंत गेल्यानंतर तिबेटचा व्यापार कालिंपाँगवरून वाढला. 1959 मध्ये दलाई लामांपाठोपाठ हजारो तिबेटी निर्वासित आले आणि त्यांच्या वसाहतींतून मोमो दिल्लीसारख्या शहरांत पोहोचला. शिवाय 1950 च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणसाला इथे राहायला, कमवायला मुभा होतीच.

कोकणाला हा माणूस अनोळखी नाही. रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागा तो राखतो, मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून जातो. कोकणात जाणारी रेल्वे, गोव्याचा महामार्ग आणि पुण्याचा द्रुतगती मार्ग पनवेल परिसरात जवळजवळ येतात. कामासाठी घर सोडलेल्यांची इथे सतत ये-जा. अशा गावात नेपाळी माणूस स्वतःच्या जेवणाची सोय करणार, हे ओघानेच आलं.

पनवेलमधल्या एका छोट्या नेपाळी हॉटेलात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी कारागिराचे हात पाहिले. मैद्याची लहानशी लाटी तो कडेला पातळ आणि मध्ये जाडसर लाटत होता, म्हणजे रस सुटला तरी तळ फाटत नाही. सारण ठेवून अंगठ्याने दाबत बोटांनी भराभर चुण्या घातल्या, तोंड मिटलं आणि मोमो तेल लावलेल्या चाळणीच्या भांड्यात गेला. सारण चिकनचं किंवा कोबीचं. इथलं गिऱ्हाईक तेच मागतं. पारी, चुण्या आणि वाफ मात्र तीच.

नेपाळची खरी खूण अचारात सापडली. भाजलेला टोमॅटो, तीळ, मिरची आणि टिमूर. टिमुराने जिभेला बारीक झिणझिण्या आल्या आणि बांगड्याच्या कालवणातलं तिरफळ आठवलं. ही आठवण उगाच नव्हती. हिमालयातला टिमूर आणि सह्याद्रीतलं तिरफळ, दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीतली भावंडं. तिरफळावर वाढलेल्या कोकणी जिभेला हा अचार परका वाटण्याचं कारणच नाही.

म्हणून पहिल्यांदा जाल तेव्हा मेयोनीज बाजूला ठेवा आणि अचार मागून घ्या. तीळ-टोमॅटोच्या पातळ रश्शात बुडवलेले झोल मोमो मिळत असतील तर तेही घ्या. मग बनवणाऱ्याला त्याचं गाव विचारा. हा पदार्थ पेढीवरच्या व्यापाऱ्यांनी, निर्वासितांनी आणि पोटासाठी घर सोडलेल्या मजुरांनी इथवर आणला आहे. त्याच्या चवीइतकाच मान त्यांनाही मिळायला हवा.