खर्डीहून म्युनिक, मग इंदूर

खर्डीच्या फलाटावर तुम्ही कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलची वाट पाहताय. बाकावर शेजारचा माणूस तंबाखूला चुना लावून मळतो, वर थाप मारतो आणि डाव्या गालात बार भरतो. रोज त्याच गालात. आतली त्वचा पांढुरकी पडलीय, हे त्याला ठाऊक नाही. गाडी येते. तुम्ही दारातून आत पाऊल टाकता, तर पायाखाली डबा नाही, प्रयोगशाळेची फरशी आहे.

म्युनिक, १८९७-९८चा हिवाळा. प्राध्यापक टापायनर यांच्या हाताखालचा वैद्यकीचा विद्यार्थी ऑस्कर राब सूक्ष्मदर्शकावर वाकलाय. तुम्हीही डोकावता. ॲक्रिडिन रंगाच्या पाण्यात पॅरामेशियम फिरतायत, आपल्याकडे डबक्यात असतात तेच एकपेशी जीव. राबला कोडं पडलंय. रंग तेवढाच, जीव तेच. तरी एकदा ते चटकन मरतात, एकदा बराच वेळ तग धरतात. मधे बदललं काय? तुमची नजर खिडकीकडे जाते, त्याचीही. त्यातल्या एका वेळी वादळ होतं, खोलीत उजेड वेगळा होता. नुसत्या रंगाने इतका घात होत नाही, नुसत्या उजेडानेही नाही. दोन्ही एकत्र यावे लागतात. यात प्राणवायूही लागतो, हे टापायनर यांनी पुढे दाखवलं.

१९१२मध्ये फार थांबू नका, बघवत नाही. फ्रीडरिश मायर-बेट्झ या डॉक्टरांनी रक्तातल्या रंगद्रव्यापासून काढलेलं २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन स्वतःच्याच शिरेत टोचून घेतलंय आणि ते उन्हात गेलेत. चेहरा इतका सुजलाय की ओळखू येत नाही.

अमेरिकेतलं बफेलो, १९७५. रॉसवेल पार्क संस्थेत थॉमस डोहर्टी आणि त्यांचे सहकारी उंदरांच्या कर्करोगाच्या गाठींवर लाल उजेड सोडतायत. अंधारात तळहाताला टॉर्च लावून बघा, पलीकडे लालच दिसतो. मांसात तोच खोल शिरतो. आधी टोचलेलं औषध गाठीत साठलेलं असतं. उजेड पडताच ते शेजारच्या प्राणवायूला आपली ऊर्जा देतं आणि तो प्राणवायू पेशी जाळतो. कितीतरी गाठी पूर्ण जिरतात. हा उजेड दिव्याचा. लेसर या उपचारात नंतर आला. त्याचा एकच शुद्ध रंग केसासारख्या बारीक तंतूतून थेट आतल्या गाठीपर्यंत नेता येतो. १९९३मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी या उपचाराला मान्यता दिली.

आता इंदूर. होळकरांचं गाव, मराठी कानावर पडतंच. सुखनिवास तलावाजवळच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात याच उपचारासाठी क्लोरिन पी-६ नावाचं द्रव्य तयार होतंय, पालकाच्या वाळलेल्या पानांतल्या हरितद्रव्यापासून. मंद उजेडाच्या खोलीत हॅमस्टर आहेत. दाणे साठवायच्या त्यांच्या गालाच्या पिशवीत रसायन लावून मुद्दाम कर्करोग आणलाय. हे लिहिताना हात जड होतो. पण तोंडाच्या कर्करोगाशी इतकं जुळणारं दुसरं शरीर सहज मिळत नाही, आणि आपल्या गावागावांत तोच कर्करोग आहे. या मुक्या जिवांचं देणं आपण मान्य करायलाच हवं.

भूल दिलेल्या हॅमस्टरची पिशवी उलटून गाठीवर लाल उजेड धरला जातो. रक्तवाहिन्या बंद पडतात, गाठ सुजते, मग काळी पडते. लहान गाठ तळापर्यंत मरते. मोठ्या गाठीचा मात्र वरचाच थर जातो. लाल उजेडाची धाव जेमतेम सेंटिमीटरभर, त्याखालच्या पेशी वाढतच राहतात.