चिखलाची नोंदवही : कासाडी नदी, खाडी आणि गंधक

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळे कुत्रे फिरताना दिसले. फोटो जगभर गेले, चौकशी झाली, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करावा लागला. निळा रंग डोळ्यांना दिसला म्हणून बातमी झाली. आज आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत ते डोळ्यांना दिसत नाही. ते कासाडी नदीच्या आणि पुढच्या खाडीच्या तळाशी, काळ्या गाळात असतं. त्याला असतो फक्त वास, सडक्या अंड्यासारखा.

हा वास कारखान्यांनीच आणला, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. पण खाडीकाठच्या एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला विचारा. खाजणात पाय रुतला की तो वास येतोच, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं. कारण गंधक समुद्राच्या पाण्यातच आहे. लिटरमागे साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट. हे सल्फेट तसं निरुपद्रवी. पण गाळातला ऑक्सिजन संपला की काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वसन करतात, आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. असा जीवाणू 1895 मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट इथे मार्टिनस बायरिंक यांनी ओळखला.

हा वायू पेशींचं श्वसनच थांबवतो. गटारात उतरलेल्या सफाई कामगारांचे जीव घेणारा वायू बहुतेक वेळा हाच असतो. माशांसाठी तर तो फारच कमी प्रमाणात घातक ठरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने जलचरांसाठी दिलेली मर्यादा लिटरमागे फक्त 2 मायक्रोग्रॅम आहे.

मग प्रश्न असा, की इतकं विष तळाशी असताना खाडीत जिताडा, चिवणी, खेकडे पिढ्यान्‌पिढ्या जगले कसे? तर तिथे एक तोल होता. कोकणच्या मातीत लोह भरपूर. ते सल्फाइडला धरून ठेवतं. गाळ काळा दिसतो तो या लोह-सल्फाइडमुळेच. खेकडे बिळं करतात, त्यातून हवा आत जाते. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर डोकं काढतात. आणि दिवसातून दोनदा भरती ताजं पाणी आणते.

आता इतिहासाकडे या. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढे तळोज्यात वसाहत उभी राहिली. 1974 मध्ये केंद्राचा जलप्रदूषण कायदा आला. म्हणजे कायदा नव्हता असं नाही. पण सांडपाण्यातून सेंद्रिय माल येत राहिला, आणि जीवाणूंना तो आयता खाऊ मिळाला. रसायन आणि रंग उद्योगात सल्फ्युरिक आम्ल लागतं, त्यामुळे सांडपाण्यात सल्फेटही असू शकतं. खाऊ वाढला की सल्फाइड वाढतं, आणि लोहाची धरून ठेवण्याची ताकद कमी पडते. त्यात पाणी आम्लधर्मी झालं की तेवढंच सल्फाइड जास्त मारक ठरतं, कारण त्याचा मोठा भाग वायूच्या रूपात राहतो आणि कल्ल्यांतून सहज आत शिरतो. कासाडीच्या प्रदूषणाचं प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं.

इथे कथेला एक वळण आहे, आणि आम्हाला आज मुख्यतः तेच सांगायचं आहे. हे सल्फाइड विष आहे, तसंच ते कुलूपही आहे. कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त असे धातू गाळात आले की सल्फाइड त्यांना बांधून ठेवतं, आणि बांधलेला धातू जीवांच्या अंगात सहज जात नाही. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या संशोधकांनी कॅडमियमवर प्रयोग करून हे दाखवलं. आता विचार करा. नदी स्वच्छ करायची म्हणून आपण पोकलेन लावला आणि गाळ उपसून काठावर टाकला, तर काय होईल? हवा लागून सल्फाइडचं आम्ल होतं, कुलूप उघडतं, आणि धातू पहिल्या पावसात परत पाण्यात.

म्हणून गाळ उपसूच नये असं आम्ही म्हणत नाही. आधी तपासा, एवढंच म्हणणं आहे. पाण्याचा नमुना त्या दिवसाचं सांगतो. रात्री सोडलेलं पाणी सकाळपर्यंत भरती-ओहोटीने वाहून गेलेलं असतं. गाळ मात्र थरावर थर नोंद ठेवतो. त्यातलं सल्फाइड किती, बांधलेले धातू किती, हे मोजल्याशिवाय पोकलेनला परवानगी देऊ नये. आणि पहिलं काम वरचं आहे : सांडपाण्याचा खाऊ बंद करणं. तो बंद झाला, तर खेकडा, तिवर आणि भरती आपापलं काम करू लागतात. ते त्यांचं जुनंच काम आहे.

आता प्रश्न घेऊया.