शॅल की विल? परक्यांसाठी केलेला एक नियम

इंग्रजीत भविष्यकाळ सांगणारी दोन सहायक क्रियापदे आहेत : ‘शॅल’ आणि ‘विल’. त्यांच्या वापराचा प्रसिद्ध नियम इंग्रजांच्या मुलांसाठी नव्हे, तर परदेशी वाचकांसाठी आणि तोही लॅटिनमध्ये लिहिला गेला. पुढे याच नियमाच्या आधारे परका कोण, हे ओळखले जाऊ लागले. (थ्रेड)

१६५३ साली जॉन वॉलिसने इंग्रजीचे व्याकरण प्रसिद्ध केले. हा ऑक्सफर्डमधील भूमितीचा प्राध्यापक. गणितातले अनंताचे चिन्हही त्याचेच. इंग्रजी ग्रंथ मुळातून वाचू इच्छिणारे परदेशी लोक त्याच्या डोळ्यांपुढे होते आणि ते शॅल-विलपाशी अडखळतात, हे त्याने हेरले होते.

त्याचा नियम असा : प्रथमपुरुषी ‘शॅल’ नुसते भाकीत करतो, ‘विल’ वचन देतो किंवा धमकावतो. द्वितीय व तृतीय पुरुषात नेमके उलट. म्हणजे ‘आय शॅल गो’ म्हणजे मी जाणार आहे, एवढेच. ‘आय विल गो’ म्हणजे जाईनच. ‘यू विल गो’ हा अंदाज, तर ‘यू शॅल गो’ ही बोलणाऱ्याची आज्ञा.

हे वाटते तितके मनमानी नाही. ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे, ‘विल’चा इच्छिणे. स्वतःची इच्छा बोलून दाखवली की संकल्प होतो. दुसऱ्यावर देणे लादले की हुकूम होतो. मराठी माणसाला ‘करणार’ आणि ‘करीन’ यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही; तो इंग्रजाला मात्र मराठी शिकताना शिकावा लागतो.

आता स्कॉटलंड. १७०७ च्या एकीकरणानंतर स्कॉटिश पुढाऱ्यांना लंडनच्या संसदेत बोलावे लागे, स्कॉटिश लेखकांना लंडनचा वाचक हवा असे. त्यांच्या बोलीत मात्र प्रथमपुरुषीही सर्रास ‘विल’ येई. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही हा धसका घेतला. १७५२ च्या आपल्या राजकीय निबंधांना त्याने टाळावयाच्या स्कॉटिश प्रयोगांची यादी जोडली आणि तिच्या आरंभीच शॅल-विलचा खुलासा केला. मरताना ह्यूमने पापांची नव्हे, स्कॉटिश प्रयोगांची कबुली दिली, अशी कोटी त्याच्याबद्दल सांगितली जाते. कार्यकारणभावाच्या कल्पनेलाच आव्हान देणाऱ्या माणसाने दोन क्रियापदांपुढे इतके नमावे, यात विनोदापेक्षा विषाद अधिक आहे.

याच सुमाराच्या मानसिकतेतून बुडणाऱ्या माणसाचा विनोद रूढ झाला. कधी तो स्कॉटिश असे, कधी आयरिश, कधी फ्रेंच. तो ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ म्हणजे, मी बुडणारच, कोणी वाचवता कामा नये. काठावरचे सभ्य इंग्रज त्याच्या इच्छेचा मान राखतात. त्याला काय म्हणायचे होते, हे साऱ्यांना कळलेले असतेच. विनोद उभा आहे तो त्याच्या मृत्यूपेक्षा व्याकरण मोठे मानण्यावर.

१९०६ मध्ये फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’मध्ये कळसच केला. दक्षिण इंग्लंडमध्ये जन्मलेल्याला हा भेद उपजत येतो, इतरांना तो साधणे दुरापास्त, असे सांगून त्यांनी पुढे पानेच्या पाने तोच समजावला! परक्यांना आधार म्हणून लिहिलेला नियम आता परक्यांना येणारच नाही, असे ठरले होते.

१९२५ मध्ये अमेरिकी भाषाभ्यासक चार्ल्स फ्रीज याने जुन्यानव्या इंग्रजी नाटकांतील संवाद तपासले. प्रत्यक्ष वापर नियमाप्रमाणे चाललेला नव्हता; प्रथमपुरुषीही ‘विल’चेच प्राबल्य होते. तरीही आपल्याकडच्या शाळांतून ‘आय शॅल, वुई शॅल, यू विल, ही विल’ हे घोकणे पुढे कित्येक वर्षे चालू राहिले.

बोलण्यातून ओसरलेला ‘शॅल’ टिकला तो कायद्यात, आज्ञेच्या जुन्या अर्थाने. भारतीय संविधानाचा इंग्रजी मसुदा त्याने भरलेला आहे. पण तेथेही १९५७ साली प्रश्न आलाच : लोकसेवा आयोगाशी विचारविनिमय करण्याबाबत अनुच्छेद ३२० मध्ये आलेला ‘शॅल’ बंधनकारक की केवळ मार्गदर्शक? मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला : मार्गदर्शक.