बागेतला पाईप आणि रात्रीचा सर्व्हर

मंडळी, रात्री अडीचला सर्व्हरची डिस्क भरते तेव्हा डॅशबोर्ड नुसता लाल होतो. कुणी भरली, ते तो सांगेलच असं नाही. मग आपण काळ्या खिडकीत शिरतो. आधी 'डीएफ', मग 'डीयू', त्याचं आउटपुट 'सॉर्ट -एन'ला आणि सॉर्टचं 'टेल'ला. सगळ्यात जाड फोल्डर शेवटच्या काही ओळींत हजर! दोन कमांडच्या मधली ती उभी रेघ आपण इतक्या सहज मारतो, की तिच्यासाठी एक माणूस आठ-नऊ वर्षं मागे लागला होता हे खरंच वाटत नाही.

तो माणूस म्हणजे अमेरिकेतल्या बेल लॅब्जचा डग मॅकिलरॉय. ११ ऑक्टोबर १९६४ च्या एका टिपणात त्याने लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या पाण्याच्या पाईपला जसा आणखी एक तुकडा जोडता येतो, तसे प्रोग्रॅमही एकमेकांना जोडता आले पाहिजेत. तेव्हा युनिक्सचा पत्ताही नव्हता. ते केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये सुरू केलं.

१९७१ मध्ये युनिक्स ज्या पीडीपी-११ वर चालायचं, तिची मेमरी होती २४ किलोबाईट. त्यातले १६ सिस्टीमला आणि उरलेले ८ तुमच्या प्रोग्रॅमला. डिस्क ५१२ किलोबाईट. आज मोबाईलवरचा एखादा फोटोही त्यात मावणार नाही! नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये डीएफ आणि डीयू दोन्ही आहेत (डिस्क भरण्याचं दुखणं किती जुनं आहे बघा), पण जोडणी नव्हती. एकाचं आउटपुट फाईलमध्ये टाकायचं, ती फाईल दुसऱ्याला द्यायची, आणि काम झालं की पुसायची.

मॅकिलरॉयने पिच्छा सोडला नाही. शेवटी १९७३ च्या सुरुवातीला थॉम्प्सनने एका रात्रीत पाईप बसवला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, तोवर बहुतेक प्रोग्रॅम फाईलचं नाव दिल्याशिवाय चालतच नसत. ते स्टँडर्ड इनपुटवरून वाचतील असे बदलावे लागले, आणि मॅकिलरॉयच्या आठवणीप्रमाणे तेही त्याच रात्री झालं. आजची उभी रेघ त्याच वर्षी, चौथ्या आवृत्तीत आली.

आता १९८६. 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये जॉन बेंटली सदर लिहायचा. त्याने साक्षात डोनाल्ड क्नूथला एक प्रोग्रॅम लिहायला सांगितला: मजकुरात सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द शोधा. क्नूथने कित्येक पानांचा, अतिशय देखणा प्रोग्रॅम लिहिला. त्याचं परीक्षण आलं मॅकिलरॉयकडे. त्याने कौतुक केलं, आणि मग तेच काम सहा कमांडमध्ये करून दाखवलं! एक शब्द एका ओळीवर आणा, सगळे लहान लिपीत करा, सॉर्ट करा, 'युनिक -सी'ने मोजा, आकड्यांनुसार उलटं सॉर्ट करा, वरचे हवे तितके घ्या.

ही तुलना क्नूथवर थोडी अन्याय करणारी आहे. कोड निबंधासारखा वाचता यावा असा कसा लिहायचा, हे दाखवणं हे त्याचं काम होतं. शिवाय सहा कमांडच्या मागे इतरांनी आधीच उपसलेले कष्ट होते. पण मॅकिलरॉयचा मुद्दा नेमका तोच होता: झालेलं काम पुन्हा कशाला करायचं?

आपल्याला तो रोज उपयोगी पडतो. वेब सर्व्हरवर कुणीतरी रिक्वेस्टचा मारा करतंय? सहसा ॲक्सेस लॉगमधला पहिला कॉलम आयपी ॲड्रेसचा असतो. तो 'ऑक'ने काढा, मग सॉर्ट, युनिक -सी, सॉर्ट -आरएन, हेड. पुष्कळ जण पहिला सॉर्ट विसरतात आणि आकडे चुकतात. कारण युनिक फक्त लागून असलेल्या ओळींची तुलना करतो. त्याला मागची एकच ओळ लक्षात ठेवावी लागते, म्हणून फाईल कितीही मोठी असली तरी त्याची मेमरी फुगत नाही.

आजकाल एआयला विचारलं की अख्खी ओळ तयार मिळते. जरूर घ्या. पण प्रॉडक्शनवर चिकटवण्याआधी ती एकेका रेघेपर्यंत चालवून बघा, प्रत्येक टप्प्याला शेवटी हेड लावून. आणि शेवटी 'एक्सआर्ग्स आरएम' असेल तर आरएमच्या आधी 'इको' लावा. काय पुसलं जाणार त्याची यादी आधी डोळ्यांनी वाचा, मगच इको काढा. पाईप आहे तो, आत काय वाहतंय हे तो विचारत नाही.

असो. या वीकेंडला एखादी जुनी लॉग फाईल घ्या आणि मॅकिलरॉयच्या त्या सहा पायऱ्या करून बघा. अडीच वाजता शिकण्यापेक्षा रविवारी दुपारी चहा घेत शिकलेलं बरं! :)