नगरांचे वैभव आणि नगरांचे पाणी

मानवी संस्कृतीच्या इतिहासात नगरांचे स्थान कोणते, असा प्रश्न निघाला की राजवाडे, मंदिरे आणि बाजारपेठा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु नगराचा खरा कस त्याच्या शिखरांवरून नव्हे, तर विहिरींवरून व गटारांवरून लागतो.

सिंधूकाठचे मोहेंजोदडो इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास भरभराटीस आले. तेथे निःसंशय राजप्रासाद म्हणावा असे काही सापडलेले नाही. सापडल्या त्या भाजक्या विटांच्या विहिरी, घरोघरच्या न्हाण्या आणि रस्त्याकडेची झाकलेली गटारे. त्या नगरात सुमारे ७०० विहिरी असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे.

पुढे चार हजार वर्षांनी मांडवीच्या तीरावरील गोवे शहर वैभवास चढले. १५१० साली आल्बुकेर्कने ते आदिलशाहीकडून जिंकले आणि पुढे ते पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी झाले. १५५६ साली तेथे छापखाना आला. हिंदुस्थानातील तो पहिलाच. १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा येथील वनौषधींवरील ग्रंथ त्याच शहरात छापला गेला. एतद्देशीय वैद्य व देशोदेशीचे व्यापारी यांच्याकडून मिळालेली माहिती त्यात एकत्र झाली आहे. असा ग्रंथ नगरातच जन्म घेऊ शकतो.

तथापि ज्या वाटेने ज्ञान येते, त्याच वाटेने रोगही येतो. १५४३ साली या शहरात पटकीने थैमान घातले. त्या रोगाला आपल्याकडे मोडशी म्हणत. तोच शब्द किंचित बदलून पोर्तुगीज ग्रंथांत शिरला. शहराची भूमी जांभ्या दगडाची, सच्छिद्र. सांडपाणी झिरपून विहिरींत उतरे. साथींमागून साथी आल्या. त्यात डचांच्या चढाओढीने व्यापारही खालावला. १७५९ साली व्हाइसरॉयने आपले वास्तव्य पणजीस हलविले आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या गोव्यात भव्य चर्चे तेवढी उरली. १९८६ साली त्यांची जागतिक वारशात गणना झाली.

मोहेंजोदडोच्या विटकरी गटारांना जे साधले होते, ते या सोनेरी वेदींच्या नगराला साधले नाही. नगर माणसांना एकत्र आणते, ही त्याची थोरवी होय. पण एकत्र आलेल्यांना निर्मळ पाणी पुरविणे, हे त्याचे पहिले कर्तव्य. त्याचा विसर पडला की वैभव दगडांत उरते आणि माणसे निघून जातात.