शाळेची बातमी आणि शेवटचा निर्णय

अमेरिकेत सहावी ते आठवीच्या शाळेला मिडल स्कूल म्हणतात. तिथल्या पुष्कळ शाळांत सकाळी वर्गातल्या पडद्यावर मुलांनीच तयार केलेले बातमीपत्र लागते. दोन निवेदक टेबलामागे बसतात, एक जण कॅमेरा सांभाळतो, एक जण मजकूर वाचनाच्या वेगाने पडद्यावर सरकवत राहतो आणि हेडफोन लावलेली एक मुलगी ‘तीन, दोन, एक’ मोजून खूण करते. सगळे अकरा ते चौदा वर्षांचे. आपल्याकडच्या परिपाठातही मुले बातम्या वाचतात, पण त्या वर्तमानपत्रातून उतरवून आणलेल्या असतात. इथे बातमी शोधण्यापासूनचे काम मुलांचे, निदान अपेक्षा तरी तशी. या उपक्रमाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: कॅमेरा हलका झाला, मग संगणक आला, मग मोबाइल. ते खरे असले तरी अपुरे आहे. यंत्रांमुळे मुलांना पडद्यावर येता आले. पण पडद्यावर बातमी आली की नुसत्या सूचना, हे काय दाखवायचे याचा शेवटचा निर्णय कोणाच्या हाती होता त्यावर ठरत गेले.

या बातमीपत्राचे मूळ दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे मुख्याध्यापकांच्या कचेरीतला माइक. दुपारच्या जेवणात काय आहे, वाढदिवस कोणाचा, बेसबॉलचा सराव कुठे, अशा सूचना त्यावरून वर्गावर्गात जात. दुसरे मूळ शालेय वर्तमानपत्रात. सोनीने १९६७ मध्ये पोर्टापॅक हा खांद्यावर नेता येणारा व्हिडिओ संच बाजारात आणला, तेव्हा एकट्या माणसाला व्हिडिओ चित्रण करणे प्रथमच शक्य झाले. चित्र कृष्णधवल, एका रिळात सुमारे वीस मिनिटे, आणि पहिल्या संचावर नुसते रेकॉर्डिंग. टेप पाहायची तर दुसरे यंत्र हवे. टेप कापून जोडणे मुलांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून सगळे एका दमात, क्रमाने टिपायचे. टेबलामागे बसून कागद वाचणारे दोन निवेदक ही चौकट शाळांत इतकी रुजली, त्यात या अडचणीचा वाटा मोठा असावा असे मला वाटते. आणि ती चौकट सूचना वाचायला फारच सोयीची होती.

वर्तमानपत्राकडून आलेला वारसा मात्र न्यायालयात गेला. त्याआधी, १९६५ च्या डिसेंबरात आयोवातल्या डे मॉइन शहरात काही मुले व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेली आणि निलंबित झाली. त्यांतली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती, म्हणजे नेमकी मिडल स्कूलच्या वयाची. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. पण तो मुलांच्या स्वतःच्या अभिव्यक्तीबद्दल होता. शाळेच्या पैशाने, शाळेच्या तासाला, शिक्षकाच्या देखरेखीखाली जे निघते त्याचे काय, हा प्रश्न मिसुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलमुळे पुढे आला.

ते प्रकरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९८३ च्या मे महिन्यात ‘स्पेक्ट्रम’ या शालेय पत्राचा अंक निघायचा होता. १० मे रोजी मुख्याध्यापकांकडे पाने आली, अंक १३ ला वाटायचा होता. एका लेखात शाळेतल्या तीन मुलींच्या गरोदरपणाची हकिगत होती, नावे बदललेली. दुसऱ्यात पालकांच्या घटस्फोटाबद्दल मुलांचे बोलणे. पहिल्यातल्या मुली ओळखू येतील आणि त्यातला विषय लहान मुलांना झेपणार नाही, असे मुख्याध्यापकांना वाटले. दुसऱ्यात एका मुलीने वडिलांविषयी तक्रार केली होती आणि वडिलांना बाजू मांडायची संधीच मिळाली नव्हती. दुरुस्तीला वेळ नाही असे समजून त्यांनी दोन पाने सरळ काढून टाकली, त्यांवरच्या निरुपद्रवी लेखांसकट. त्या मुलीचे नाव शिक्षकांनी आधीच गाळले होते, हे त्यांना ठाऊकही नव्हते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी मुख्याध्यापकांची बाजू घेतली: शैक्षणिक दृष्टीने रास्त कारण असेल तर शाळा आपल्या छत्राखालच्या अभिव्यक्तीला कात्री लावू शकते. खटला छापील पत्राचा असला तरी हा नियम शाळेच्या कॅमेऱ्यालाही लागू झाला.

मुख्याध्यापकांची काळजी खोटी होती असे मी म्हणणार नाही. वडिलांची बाजू न घेणे ही पत्रकारितेतली चूकच आहे. पण म्हणूनच ती शिकवण्याची जागा होती. लेख लिहिणाऱ्याला फोन उचलून त्या वडिलांशी बोलायला लावणे, ते जमले नाही तर तो परिच्छेद वगळायला सांगणे, किंवा अंक चार दिवस लांबवणे, यातले काहीही पाने काढून टाकण्यापेक्षा जास्त शिकवून गेले असते. विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीविषयीच्या कॅलिफोर्नियाच्या १९७७ च्या कायद्यात हीच वाटणी आहे: बदनामी, अश्लीलता आणि चिथावणी यांना मनाई, भाषेचा व पत्रकारितेचा दर्जा सांभाळणे शिक्षकाचे काम, आणि मजकुराचा निर्णय मुलांचा. हेझलवूडनंतर आणखीही काही राज्यांनी मुलांच्या बाजूने असे कायदे केले.

निर्णय मुलांकडे नसेल तर ती जागा कोण भरतो, हे १९९० मध्ये ‘चॅनल वन’ या शाळांसाठीच्या व्यावसायिक बातमी कार्यक्रमाने दाखवले. शाळेला टीव्ही संच, व्हीसीआर, उपग्रहाची डिश फुकट. बदल्यात रोज बारा मिनिटांचा कार्यक्रम मुलांना दाखवायचा, त्यात दोन मिनिटे जाहिराती. वर्गातल्या मुलांचे लक्ष विकायला काढण्याचा हा करार मला आजही अस्वस्थ करतो, मग त्यातल्या बातम्या कितीही नेटक्या असोत. त्यासाठी बसवलेल्या संचांवरून शाळेला स्वतःचे कार्यक्रमही वर्गांत दाखवता येत, ही त्यातली जमेची बाजू.

अकरा-बारा वर्षांच्या मुलांना कसली जाण असणार, असे कोणी म्हणेल. २००९ च्या ऑगस्टमध्ये डेमन वीव्हर या फ्लोरिडातल्या अकरा वर्षांच्या मुलाने, शाळेच्या बातमीपत्राचा वार्ताहर म्हणून, व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांची मुलाखत घेतली. शाळेच्या जेवणाबरोबरच शिक्षणासाठी पैसा नसताना शिक्षण सुधारायचे कसे, हेही त्याने विचारले. गरीब वस्तीतल्या मुलाला हा प्रश्न सुचायला मोठ्या माणसाची गरज नसावी. तो त्याच्या रोजच्या जगण्यातला होता.

आजचा जड आक्षेप इंटरनेटचा आहे. पूर्वीचे बातमीपत्र शाळेच्या तारांबाहेर जात नसे. आता बारा वर्षांच्या मुलीची अडखळ वर्षानुवर्षे कोणीही पाहू शकतो. ही भीती मला हेझलवूडमधल्या भीतीपेक्षा खरी वाटते. पण तिच्यावरचा उपाय बातमी कुठवर पोचवायची यात शोधावा, मजकूर कापण्यात नव्हे. बातमीपत्र शाळेच्या आतच दाखवता येते, पालकांची लेखी संमती घेता येते, ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांच्याकडे कॅमेरा किंवा संकलन देता येते. एवढी काळजी घेतल्यावर, कँटीनचे जेवण रोज थंड का मिळते ही बातमी मुलांनी करायची ठरवली तर ती करू द्यावी, आणि मुख्याध्यापकांनी त्यात आपली बाजू सांगायला कॅमेऱ्यासमोर यावे.